पाऊस पडून गेल्यावर ठरणारा दर

सीना ही एरवी पाण्याची वाट पाहायला लावणारी नदी. अहिल्यानगर जिल्ह्यातून निघून धाराशिव आणि सोलापूरच्या कोरडवाहू पट्ट्यातून ती भीमेला मिळते. सप्टेंबर २०२५ च्या उत्तरार्धात हीच नदी परंडा, करमाळा, माढा, मोहोळ तालुक्यांतल्या शिवारांत घुसली. परंड्यात माणसांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं, लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्ग बंद पडला. पाणी ओसरल्यावर जे दिसलं त्याला पीक म्हणणंही अवघड होतं. काढणीला आलेल्या सोयाबीनला शेंगेतच कोंब फुटलेले, ठिबकच्या नळ्या बाभळींना गुंडाळलेल्या, विहिरी गाळाने बुजलेल्या. नदीकाठच्या कित्येक रानांत तर मातीच उरली नव्हती, खालचा मुरूम उघडा पडला होता.

खरडून गेलेल्या अशा जमिनीसाठी २०२५ मध्ये सरकारी दर होता हेक्टरी ४७,००० रुपये. या आकड्याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. एक हेक्टर रानात फूटभर माती परत टाकायची तर हजार ब्रासच्या वर माती लागते. म्हणजे ब्रासमागे ४५ रुपयेही पडत नाहीत. तेवढ्यात माती उचलून, भरून, वाहून, पसरून देणारा ट्रॅक्टरवाला महाराष्ट्रात सापडायचा नाही. २०२५ मध्ये राज्य सरकारने याच्या जोडीला रोजगार हमी योजनेतून हेक्टरी तीन लाख रुपयांपर्यंतच्या कामांची घोषणा केली आणि ती मोठी होती, यात शंका नाही. पण रोजगार हमीचे पैसे शेतकऱ्याच्या हातात येत नाहीत. त्यासाठी कामाचा प्रस्ताव, अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, हजेरीपट असा सगळा रस्ता चालावा लागतो. दरम्यान रब्बीची पेरणी निघून जाते.

नैसर्गिक आपत्तीनंतर शेतकऱ्याला मिळणाऱ्या सरकारी मदतीचा प्रश्न महाराष्ट्रात दरवर्षी ऑक्टोबरात पेटतो आणि डिसेंबरपर्यंत विझतो. पॅकेजचा आकडा मोठा की लहान यावरच चर्चा अडते. नियम काय आहेत, ते कोण ठरवतं, पैसा कुठून येतो आणि कुठे अडकतो, हे मागे राहतं. खरी दुखरी जागा मात्र तिथेच आहे.

या मदतीचा पाया आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५. या कायद्यानुसार प्रत्येक राज्यात आपत्ती प्रतिसाद निधी असतो. महाराष्ट्रासारख्या राज्यांत त्यात केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के असतो. हिमालयातल्या आणि ईशान्येकडच्या राज्यांना केंद्र ९० टक्के देतं. निधीतून कशासाठी किती द्यायचं याचे निकष केंद्रीय गृह मंत्रालय काढतं. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीच्या निकषांनुसार ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान झालेल्या जिरायती पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायती पिकाला १७,०००, बहुवार्षिक पिकाला म्हणजे मुख्यतः फळबागेला २२,५०० रुपये, आणि तेही दोन हेक्टरच्या मर्यादेत. दुभतं जनावर दगावलं तर ३७,५०० रुपये, ओढकामाचं दगावलं तर ३२,०००, शेळी-मेंढीला ४,०००. त्याआधीच्या निकषांत जिरायती पिकाचा दर ६,८०० रुपये होता.

केंद्राच्या भाषेत ही रक्कम निविष्ठा अनुदान आहे, म्हणजे पुढच्या पेरणीच्या बी-खतासाठीचा हातभार. बुडालेल्या पिकाची किंमत भरून देण्याचा तिचा दावाच नाही. तरी हा हातभार किती तोकडा आहे हे सोयाबीनवरून कळतं. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. तो काढताना घरच्या मजुरीसह उत्पादनखर्च धरला गेला ३,५५२ रुपये. हेक्टरी दहा क्विंटल पीक धरलं तरी शेतकऱ्याचे पस्तीस हजारांवर रुपये रानात गेलेले असतात. त्यावर ८,५०० म्हणजे चार आण्यांच्याही आतली गोष्ट.

केंद्राचा दर तोकडा म्हणून राज्य सरकारं आपल्या तिजोरीतून वाढीव मदत देतात, आणि इथूनच खरा गोंधळ सुरू होतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने राज्य झोडपलं तेव्हा जिरायतीला हेक्टरी १०,०००, बागायतीला १५,००० आणि फळबागांना २५,००० रुपये मिळाले. २०१९ च्या ऑक्टोबरात परतीच्या पावसाने खरीप नेला, त्यावेळी राज्यात राष्ट्रपती राजवट होती. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी खरीप पिकांना ८,००० आणि फळबागांना १८,००० रुपये जाहीर केले. २०२० मध्ये महाविकास आघाडी सरकारने हे दर १०,००० आणि २५,००० केले. २०२१ मध्ये जिरायतीला १०,०००, बागायतीला १५,०००, फळबागेला २५,०००. २०२२ मध्ये शिंदे सरकारने केंद्राचे तेव्हाचे दर दुप्पट केले आणि मर्यादा तीन हेक्टरवर नेली. त्यामुळे जिरायती १३,६००, बागायती २७,०००, बहुवार्षिक ३६,०००. जानेवारी २०२४ च्या शासन निर्णयाने अवकाळी आणि गारपिटीच्या नुकसानीलाही हेच दर लावले.

मग आला ३० मे २०२५ चा शासन निर्णय. त्याने राज्याला पुन्हा केंद्राच्या मूळ दरावर आणून ठेवलं. जिरायती ८,५००, मर्यादा दोन हेक्टर. हा निर्णय निघाला त्या मे महिन्यात राज्यभर अवकाळी पाऊस कोसळत होता आणि मान्सूनही अपेक्षेच्या कितीतरी आधी दाखल झाला होता. चार महिन्यांनी मराठवाडा आणि सोलापूर पाण्याखाली गेल्यावर ७ ऑक्टोबरला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात रब्बीच्या तयारीसाठी हेक्टरी १०,००० रुपये जादा धरून जिरायती १८,५००, बागायती २७,००० आणि बहुवार्षिक ३२,५०० असे दर झाले, मर्यादा पुन्हा तीन हेक्टर झाली. जनावरांच्या संख्येची अट काढली. बुजलेल्या विहिरीला ३०,००० रुपये धरले.

हे आकडे एकाखाली एक मांडले की एक गोष्ट उघडी पडते. जिरायती शेतकऱ्याला २०२५ मध्ये २०२२ पेक्षा बऱ्यापैकी जास्त मिळालं. बागायतदाराला तेवढेच २७,००० मिळाले, तेही तीन वर्षांच्या महागाईनंतर. फळबागवाल्याला चक्क कमी मिळालं. यामागे कुठला अभ्यास, कुठला उत्पादनखर्चाचा हिशेब आहे, असं दिसत नाही. दर ठरतो तो त्या-त्या वर्षीच्या राजकीय दबावावर, निवडणूक किती जवळ आहे यावर आणि तिजोरीच्या अवस्थेवर. एकाच बांधावरचं तेच पीक, तेवढंच नुकसान. पण २०२१ चं असेल तर १०,०००, २०२२ चं असेल तर १३,६०० आणि २०२५ चं असेल तर १८,५००. शेतकऱ्याला आपला दर पाऊस पडून गेल्यावर कळतो.

यात कुठल्याही एका पक्षाला वेगळं काढता येत नाही. उद्धव ठाकरे यांनी २०१९ मध्ये हेक्टरी २५,००० रुपयांची मागणी केली होती. वर्षभराने ते मुख्यमंत्री असताना जिरायतीला १०,००० मिळाले आणि २०२५ मध्ये विरोधात बसल्यावर त्यांची मागणी ५०,००० वर गेली. फडणवीस यांनी २०२० मध्ये विरोधी पक्षनेते म्हणून ओला दुष्काळ जाहीर करा असं म्हटलं होतं. २०२५ मध्ये मुख्यमंत्री म्हणून त्यांनी दुष्काळ संहितेत ओल्या दुष्काळाची तरतूदच नाही असं सांगितलं. हे खरंही आहे. केंद्राची दुष्काळ संहिता कोरड्या दुष्काळापुरती आहे. सरकारने दुष्काळातल्या सवलती, म्हणजे शेतसाऱ्यात सूट, कर्जाचं पुनर्गठन, वसुलीला स्थगिती, परीक्षा शुल्काची माफी, त्या वर्षी लागू केल्या, हे योग्यच झालं. पण दरवेळी मंत्रिमंडळाच्या मर्जीने लागू होणारी सवलत आणि नियमाने मिळणारा हक्क यांत फरक आहे.

आता पैसा प्रत्यक्ष कसा येतो ते पाहू. पाऊस झाल्यावर पहिला प्रश्न असतो, तो अतिवृष्टी ठरतो का? महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला तर अतिवृष्टी. महावेध प्रकल्पात राज्यभर दोन हजारांवर स्वयंचलित हवामान केंद्रं बसवली, साधारण मंडळाला एक. एका मंडळात कित्येक गावं असतात, आणि ढग काही मंडळाची हद्द बघून फुटत नाही. यंत्राच्या गावात ५० मिलिमीटर आणि पलीकडच्या शिवारात धो धो, असं सर्रास होतं. शिवाय ६५ च्या खाली राहूनही दहा दिवस रोज बरसणारा पाऊस कापूस आणि सोयाबीन कुजवतो. त्यासाठी २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘सततचा पाऊस’ ही राज्याची आपत्ती मानली. सलग पाच दिवस रोज किमान १० मिलिमीटर पाऊस आणि त्याच्या जोडीला आणखी काही कसोट्या, असं तिचं स्वरूप. इतक्या वर्षांत झालेली ही एक खरी सुधारणा म्हणावी लागेल. २०२५ च्या पॅकेजमध्ये तर ६५ मिलिमीटरची अटच बाजूला ठेवली गेली.

दुसरी पायरी पंचनामा. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक या तिघांनी मिळून रानात जाऊन तो करायचा. या तिघांचीही पदनामं अलीकडे बदलली, तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी झाला, पण गावात अजून तलाठीच म्हणतात आणि एकेका तलाठ्याकडे दोन-तीन गावं असणंही बदललेलं नाही. ७/१२ वर कोणतं पीक आहे, ई-पीक पाहणीत काय नोंदवलंय, प्रत्यक्षात काय आहे आणि किती टक्के गेलंय, हे लिहायचं. टक्केवारी नजरेने ठरते. फोटो काढायला रानात जावं तर चिखलात पाय रुततो, ओढ्याला पाणी असतं, मोबाइलला रेंज नसते. सप्टेंबर २०२५ अखेरच्या आकड्यांनुसार राज्यात सुमारे ६८ लाख ६९ हजार हेक्टरवरची पिकं बाधित होती. एवढं क्षेत्र रानोरान फिरून पंधरा-वीस दिवसांत पाहणं माणसाच्या आवाक्यातलं नाही. मग बांधावर जाण्याऐवजी चावडीवर बसून याद्या होतात. त्यात चुका होतात, काही वेळा त्याहून वाईट होतं.

जालना जिल्ह्यातल्या अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत तेच झालं. अतिवृष्टी आणि गारपीट अनुदानाच्या वाटपात शेती नसलेल्यांची नावं घालून, क्षेत्र फुगवून, एकाच्या नावे दोनदा रकमा काढून सुमारे २५ कोटींचा अपहार झाल्याचं प्रशासनाच्या चौकशीतच समोर आलं आणि २०२५ मध्ये महसूल कर्मचाऱ्यांवर गुन्हे नोंदले गेले. याची किंमत प्रामाणिक शेतकरीच मोजतो. एक घोटाळा झाला की पडताळणीची आणखी एक पायरी वाढते आणि त्या पायरीवर तोच थांबतो.

तेहतीस टक्क्यांच्या अटीविषयी मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण तिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. २०१५ पर्यंत ही अट ५० टक्क्यांची होती. त्या वर्षी एप्रिलमध्ये केंद्राने ती ३३ वर आणली आणि लाखो शेतकरी मदतीच्या कक्षेत आले. पण अटीचा साचा तसाच राहिला. नुकसान ३० टक्के असेल तर शून्य, ३४ टक्के असेल तर पूर्ण दर आणि शंभर टक्के असेल तरी तोच दर. ज्याच्या रानात दाणाही उरला नाही आणि ज्याचं एकतृतीयांश गेलं, दोघेही एकाच यादीत, एकाच रकमेवर. शिवाय सगळा भार त्या एका नजरअंदाजावर येऊन पडतो. ३० लिहायचं की ३५, हे तलाठ्याच्या पेनावर अवलंबून असलं की तिथे आग्रह, ओळख आणि देवाणघेवाण शिरणारच.

दुसऱ्या काही राज्यांनी यावर काही केलंय. गुजरातने २०२० मध्ये मुख्यमंत्री किसान सहाय योजना आणली. त्यात विम्याचा हप्ता नाही. ३३ ते ६० टक्के नुकसानीला हेक्टरी २०,००० आणि ६० टक्क्यांवर २५,००० रुपये, चार हेक्टरपर्यंत, असे दर आधीच लिहून ठेवले. बिहारने २०१८ पासून अशीच हप्त्याविना योजना चालवली, रक्कम लहान पण टप्पे ठरलेले. पंजाबने २०२५ च्या पुरानंतर एकरी २०,००० रुपयांपर्यंत मदत जाहीर केली आणि पुराने आणलेली वाळू शेतकऱ्यालाच काढून विकण्याची मुभा दिली. महाराष्ट्रातली ५०,००० ची मागणी याच आकड्यावरून आली, कारण एकरी वीस हजार म्हणजे हेक्टरी पन्नास. पंजाबचं बाधित क्षेत्र महाराष्ट्राच्या तुलनेत फार लहान होतं, त्यामुळे ही तुलना थेट लावता येत नाही. गुजरातकडून घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे: टप्पे आणि दर संकटाच्या आधी ठरलेले असणं.

पीक विम्याने ही उणीव भरून काढावी अशी अपेक्षा होती. २०१६ पासून पंतप्रधान पीक विमा योजना आहे. बीड जिल्ह्यात २०२० मध्ये कंपन्यांचा नफा आणि तोटा दोन्ही मर्यादित ठेवणारा ‘बीड पॅटर्न’ निघाला आणि पुढे राज्यभर पसरला. २०२३ पासून राज्याने एक रुपयात विमा दिला. त्या योजनेत बोगस अर्जांचा सुळसुळाट झाला म्हणून २०२५ च्या खरिपात ती बंद झाली. त्याच वेळी स्थानिक आपत्ती आणि काढणीनंतरचं नुकसान हे निकष वगळून भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगावर बेतली. नेमक्या त्याच खरिपात पूर आला. दोन जाळ्या होत्या, एक सरकारी मदतीची, दुसरी विम्याची. दोन्ही एकाच हंगामाच्या तोंडावर विरळ केल्या गेल्या. धोरणातली ही चूक सप्टेंबरच्या पावसाइतकीच शेतकऱ्याला महागात पडली, असं म्हणायला हरकत नाही.

पैशाच्या बाजूने राज्याचीही अडचण आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने आपत्ती निधीच्या केंद्रीय वाट्याचा पुढचा हप्ता म्हणून महाराष्ट्राला सुमारे १,५६६ कोटी रुपये दिले. ३१,६२८ कोटींच्या शेजारी हा आकडा ठेवला की पॅकेजचा भार कुणाच्या खांद्यावर आहे ते कळतं. अर्थात त्या पॅकेजमध्ये रस्ते-पुलांची दुरुस्ती, विम्याची अपेक्षित रक्कम, रोजगार हमी हे सगळं मिळवलेलं आहे. शेतकऱ्याच्या खात्यात थेट जाणारा भाग त्याहून बराच कमी. पॅकेजचा एकच मोठा आकडा जाहीर करण्याची पद्धत सगळ्याच सरकारांनी सोडली तर बरं, कारण गावात प्रत्येक जण तो आकडा ऐकतो आणि आपल्या खात्यातले सहा-सात हजार पाहून फसवणूक झाल्याची भावना घेऊन बसतो.

यादी मंजूर झाली तरी पैसे लगेच येत नाहीत. पूर्वी तहसीलमधून बँकेला यादी आणि चेक जायचा, बँकेसमोर रांगा लागायच्या. आता रक्कम थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येते. यादीत प्रत्येकाला विशिष्ट क्रमांक मिळतो, तो घेऊन आपले सरकार केंद्रात जायचं, अंगठा लावून ई-केवायसी करायची. राबून झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्र ओळखत नाही. आधारवर नाव एक, ७/१२ वर दुसरं. जिल्हा बँकेत खातं आहे पण आधार भलत्याच खात्याला जोडलेलं. २०२५ मध्ये अ‍ॅग्रिस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक असलेल्यांना ई-केवायसीतून सूट मिळाली आणि त्यांचं काम बरंच सोपं झालं. ज्यांचा क्रमांक निघालेला नाही ते मात्र जुन्याच रांगेत राहिले.

हे मागे राहणारे कोण, हे पाहिलं की प्रश्नाचं दुसरं अंग दिसतं. सामायिक खात्यात चार भावांची नावं असतील तर एकाच्या खात्यात पैसे घ्यायला बाकीच्यांचं संमतिपत्र लागतं. एक पुण्यात, एक सुरतेला, एकाशी बोलणं बंद. आजोबांच्या नावावरची जमीन वारस नोंद न होता पडून असेल तर मेलेल्या माणसाच्या नावे मदत निघते आणि परत जाते. बटईने किंवा खंडाने जमीन कसणाऱ्याचं तर ७/१२ वर नावच नसतं. बी त्याचं, खत त्याचं, उसनवारी त्याची, मदत मालकाची. आत्महत्याग्रस्त कुटुंबातल्या कितीतरी बायका रान कसतात, पण उताऱ्यावर सासरा किंवा दीर असतो. सोयाबीन काढणीच्या मजुरीवर दिवाळी करणाऱ्या भूमिहीन घरांना तर हेक्टरी दराने काहीच मिळत नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार राज्यातलं सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर आहे. म्हणजे दोन की तीन हेक्टर या वादाचा बहुसंख्य शेतकऱ्यांशी संबंधच नाही. त्यांचा प्रश्न दराचा, वेळेचा आणि उताऱ्यावरच्या नावाचा आहे.

आलेले पैसे बँकेने जुन्या कर्जात वळते करून घेणं ही आणखी एक नित्याची तक्रार. असं करू नये असे आदेश जवळपास प्रत्येक शासन निर्णयात असतात, जिल्हाधिकारी दरवर्षी बँकांना पत्रं काढतात. दरवर्षी काढावी लागतात, यातच सगळं आलं.

केंद्राच्या निकषांचा हा काळ २०२५-२६ पर्यंतचा. पुढचे निकष ठरवताना हेक्टरी दर कृषीमूल्य आयोगाच्या उत्पादनखर्चाशी बांधावा, म्हणजे महागाईबरोबर तो आपोआप चढेल. आणि नुकसानीचे निदान तीन टप्पे करावेत. राज्याने आपली वाढीव मदत जूनच्या आधी, पेरणीपूर्वी जाहीर करावी आणि हंगाम संपेपर्यंत ती खाली आणू नये. उपग्रहाची छायाचित्रं पंचनाम्याला जोडीला घेतली तर तलाठ्याच्या नजरेवरचा भार हलका होईल, आणि मंजूर यादी नाव, क्षेत्र, टक्केवारी आणि रक्कम यांसह ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली तर अंबडसारखा प्रकार गावानेच पहिल्या आठवड्यात पकडला असता.

काही गोष्टींना तर नवा कायदाही लागत नाही. बीड, धाराशिव, जालन्यातले ऊसतोड कामगार दसरा-दिवाळीनंतर कोयते बांधून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. यातल्या कित्येकांची गावाकडे एक-दोन एकर कोरडवाहू जमीन असते आणि यादी लागते तेव्हा ते फडात असतात. विशिष्ट क्रमांक गावात, माणूस तीनशे किलोमीटरवर, केवायसीची मुदत संपलेली. गाळप हंगामात साखर कारखान्याच्या गेटवर महसूल खात्याचं एक टेबल, एक अंगठ्याचं यंत्र आणि मराठवाड्यातल्या जिल्ह्यांच्या याद्या ठेवल्या तर त्यांचे अडकलेले पैसे मोकळे होतील. कारखान्याकडे टोळ्यांची नोंद असते, मुकादमांचे फोन नंबर असतात. हा हुकूम काढायला साखर आयुक्तालय आणि विभागीय आयुक्त यांची एक बैठक पुरेशी आहे.